ऑइल प्रेशरचा काटा खिळवून ठेवलेली गाडी विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे

विषय : जुन्या डिझेल फोर बाय फोर गाडीच्या ऑइल प्रेशर मीटरमध्ये फेरफार करून इंजिनाची खरी अवस्था लपवल्याबाबत.

महोदय,

गेल्या नोव्हेंबरात तुमच्या यार्डातून मी जुनी डिझेल फोर बाय फोर गाडी ४,८५,००० रुपयांना घेतली. पावती आणि तुमच्याच तपासणी अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. ही तक्रार मी ऐकीव गोष्टींवर करत नाही. मीटरच्या मागे जे सापडलं आणि इंजिन खोलल्यावर जे दिसलं, ते दोन्ही मी जपून ठेवलं आहे.

माझा दूध गोळा करण्याचा व्यवसाय आहे. भोर-महाड रस्त्याला नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथून रोज पहाटे चाळीस लिटरचे दहा कॅन भरून खाली आणतो. पावसाळ्यात त्या चिखलात साधी पिकअप चढत नाही, म्हणून फोर बाय फोर घेतली. रात्री-अपरात्री वाडीतल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तरी हाक मलाच येते.

गाडी दाखवताना तुमच्या विक्री प्रतिनिधीने इंजिन चालू केलं, मीटरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बघा काका, काटा चाळिसावरून हलत नाही. इंजिन एकदम घट्ट आहे." गाडी तेव्हा फिरवून आणलेली, गरम होती. गरम इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना रेस न देता, चाळीस पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) दाखवतंय म्हणजे चांगलंच असणार, असं धरून मी पैसे भरले.

पण काटा हलायलाच हवा, महोदय. पहाटेच्या थंडीत सेल्फ मारला की ऑइल घट्ट असतं, त्यामुळे काटा साठच्या आसपास किंवा वरही जातो. दहा-पंधरा किलोमीटर चालून इंजिन पुरतं तापलं की ऑइल पातळ होतं आणि आयडलिंगला काटा पंधरा-वीसवर येतो. जुन्या इंजिनात दहावर आला तरी लगेच घाबरायचं कारण नसतं. रेस केली की तो पुन्हा वर चढला पाहिजे. दर हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) निदान दहा पीएसआय, हा मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंग आणि क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. बेअरिंग झिजली, फट वाढली, की ऑइल सहज निसटतं आणि काटा पडतो. थंड असताना हे झाकलं जातं, गरम झाल्यावर उघडं पडतं. म्हणूनच गरम इंजिनाचं आयडलिंगचं रीडिंग बघायचं असतं.

या गाडीचा काटा पहाटे चाळीसवर, चढणीला चाळीसवर, डेअरीच्या दारात उभी असतानाही चाळीसवर. माझ्या आधीच्या गाडीचा काटा दिवसभर वरखाली व्हायचा, त्यामुळे हे मनाला टोचत होतं. मीटरच जरा जड असेल, जुन्या गाडीत चालायचंच, असं म्हणत मी अडीच महिने काढले.

फेब्रुवारीत एके दिवशी दहा कॅन भरून दुसऱ्या गिअरमध्ये चढण चढलो. वर सपाटीला थांबलो तर आयडलिंगला खालून ठक-ठक असा जड ठोका. काटा चाळीसवर. मी इंजिन बंद केलं, थोडं थांबलो आणि सेल्फ न मारता नुसती किल्ली फिरवली. इंजिन बंद, पंप बंद, आणि काटा हळूहळू उठून चाळीसवर जाऊन बसला. इंजिन बंद असताना प्रेशर शून्य हवं. शिवाय किल्ली फिरवली की ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागलाच नाही. मी चावी काढली, गाडी तिथेच सोडली आणि कॅन दुसऱ्याच्या टेम्पोतून खाली पाठवले.

माझ्या मिस्त्रींनी डॅशबोर्ड उघडला. इंजिनावरच्या सेंडरकडून, म्हणजे प्रेशर मोजून मीटरला कळवणाऱ्या भागाकडून, येणारी वायर मीटरच्या मागे कापलेली होती. तिच्या जागी मीटरपासून बॉडीच्या अर्थिंगपर्यंत एक छोटा रेझिस्टर (विजेला ठरलेला अडथळा करणारा तुकडा) जोडला होता, वर काळी टेप गुंडाळलेली, टेपचा डिंक अजून ताजा. सेंडर प्रेशरप्रमाणे आपला रेझिस्टन्स बदलतो, मीटर तोच वाचतो. एकच ठरलेला रेझिस्टन्स दिला की काटा एकाच आकड्यावर उभा राहतो. लाल दिव्याचा बल्ब होल्डरमधून काढून टाकलेला होता. सेंडर बिघडला किंवा अर्थिंग सुटलं तर मीटर खोटं दाखवतं, हे मला ठाऊक आहे आणि तेवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. कापलेली वायर, टेप लावलेला रेझिस्टर आणि नसलेला बल्ब या तिन्ही गोष्टी आपोआप होत नाहीत.

खरं प्रेशर किती हे बघायला सेंडर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावलं. थंड इंजिनाला ४८. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला ४ ते ५, आणि २००० आरपीएमला १४. ऑइल पातळ झाल्याची शंका नको म्हणून जुनं काढून नवं १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घातला. काढलेलं ऑइल बोटांत धरलं तर काकवीसारखी तार सुटत होती. प्रेशर टिकावं म्हणूनच इतकं घट्ट ऑइल भरलं होतं, असा माझा संशय आहे. नव्या ऑइलवर गरम रीडिंग आणखी एकाने खाली आलं. मग इंजिनाखालचं ऑइल चेंबर खोललं. पंप आणि जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ठीक निघाले. मेन बेअरिंगचा वरचा रुपेरी थर घासून गेला होता आणि खालचा तांबूस थर उघडा पडला होता.

तुमच्या अहवालात या ठिकाणी एकच शब्द आहे : "ऑइल प्रेशर - ओके". हा आकडा नाही. किती, थंड की गरम, किती आरपीएमला, कोणत्या गेजवर, यातलं काहीच त्यात नाही. किल्ली फिरवून लाल दिवा लागतो का एवढं बघायला दोन सेकंद लागतात. तेही कुणी बघितलं नाही, किंवा बघून गप्प बसलं.

तुमच्या कार्यालयात मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "जुन्या डिझेलमध्ये असंच असतं, त्या मीटरकडे लक्ष देऊ नका." दुसऱ्यांदा, "फेरफार आधीच्या मालकाने केला असेल." तिसऱ्यांदा फोन ठेवून दिला. आधीच्या मालकाने केला असेलही. पण तपासून, सही-शिक्का मारून गाडी तुम्ही विकलीत. गरम इंजिनाला पाच पीएसआय दाखवणारी गाडी तुम्ही तसं सांगून स्वस्तात दिली असती, तर मी इंजिनकामाचा खर्च धरून विचार केला असता. तो निर्णय माझा होता. तुम्ही तो माझ्या हातून काढून घेतलात. त्या दिवशी मागे एखादी बाळंतीण असती आणि घाटात क्रँक जाम झाला असता, तर मी कुणाला काय तोंड दाखवलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी मागणी अशी. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग सेट, पॅकिंग आणि मजुरी मिळून कामाचा ७८,००० रुपयांचा अंदाज आला आहे, तो खर्च तुम्ही द्यावा. नाहीतर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. गाडी उभी आहे तेवढ्या दिवसांचं टेम्पोचं भाडं वेगळं, पावत्या जोडल्या आहेत. आणि त्या यार्डातून त्याच सुमारास ज्यांनी डिझेल गाड्या नेल्या त्या सगळ्यांना कळवा, की सेल्फ न मारता किल्ली फिरवून काटा आणि दिवा बघा. ही मागणी पैशांच्या मागणीइतकीच मनापासून आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करणार आहे.

रेझिस्टर, टेप आणि काढलेली बेअरिंगं मिस्त्रींच्या कपाटात पिशवीत बांधून ठेवली आहेत, आणि इंजिन अजून जोडलेलं नाही. तुमचा तंत्रज्ञ पाठवा, सगळं त्याच्यासमोर उघडून दाखवतो.

कळावे,

आपला ग्राहक
भोर, जि. पुणे