प्राजू, फोन उचल

प्राजू,
काल तू कॉलेज सोडते म्हणालीस अन् मी "मग ये घरी" म्हणून फोन कट केला आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तसं म्हणायचं नव्हतं गं. घरी येऊ नकोस. म्हणजे दिवाळीला ये, पण कॉलेज सोडून नको.

इंग्रजीचा अनसीन पॅसेज दोनदा वाचला तरी डोक्यात काही शिरलं नाही म्हणालीस. अगं तू शब्दाशब्दाला मोबाईल बघतेस, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतेस. उन्हाळ्यात ओट्यावर बसायचीस तेव्हा बघितलंय मी, वहीत अर्थांची ही लांबडी रांग अन् धडा तिथल्या तिथं.

२०२१ ला अंगणवाडीचं ॲप इंग्रजीत आलं, आम्ही बायकांनी मोबाईल परत केले होते, आठवतंय? माझं इंग्रजी पाचवीपासूनचं, तेही पाठांतराचं. पुढं एकदा रिपोर्टात एका पोरासमोर 'वेस्टेड' आलं. तूच डिक्शनरीत बघून सांगितलंस, वाया गेलेला. चरकलेच मी, सव्वा वर्षाचं लेकरू वाया कसं जाईल? मग वजन-उंची परत तक्त्यात लावली, दंडाला पट्टी लावली, तेव्हा कळलं, उंचीच्या मानाने वजन कमी एवढंच ते. आणि 'स्टंटेड' म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. हे दोन शब्द मला कुणी पाठ करायला लावले नाहीत, त्या लेकरापायी आले.

म्हणून म्हणते, आधी अख्खा पॅसेज बिनमोबाईलचा वाच, गोष्ट कुणाची, चाललंय काय एवढंच बघ, अर्थ मागनं. शंभरात वीस शब्द अडले तर कुणाचंही डोकं बंद पडेल, दोनचार अडले तर अंदाजानं पुढं जाता येतं, तर रोज सोपं काहीतरी वाच, तुझ्या स्मृती मानधनाच्या बातम्याच वाच ना इंग्रजीत. बघ, लागले परत लेक्चर द्यायला. चुकलं माझं.

तिसरीत असताना भेळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाहीस तू. आप्पा म्हणायचे, हिला खायला कमी अन् वाचायला जास्त लागतं. अख्ख्या वाडीत पुण्याला शिकायला गेलेली तू पहिली पोरगी, हे मी येईल त्याला सांगते, तुला कधी सांगितलं नाही.

नानांनी परत सिन्नरच्या स्थळाचा विषय काढलाय. म्हणून तू घरी यायचं नाव काढलं की पोटात गोळा येतो.

बारक्याजवळ शेंगदाण्याचे लाडू दिलेत. तो पॅसेज फोटो काढून टाक मला. दुपारी खाऊ वाटून झाला की वाचते, मला काय कळलं ते मी सांगते, तू तुझं सांग. पण फोन उचल.

आई