माझ्या मुलीच्या नावावर चूक लिहिण्याआधी विमानाची फाइल उघडा

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

विषय : वैमानिक प्रशिक्षणातील जुनी लहान विमाने आणि त्यांचे अपघात

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीच्या फ्लाइंग स्कूलचं पत्र आलं. प्रशिक्षणार्थीची हाताळणी सदोष आढळली आणि उरलेली फी महिनाअखेर भरावी, एवढाच मजकूर.

मुलगी वीस वर्षांची आहे. टेक-ऑफनंतर थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं. तिने समोरच्या नांगरलेल्या शेतात विमान उतरवलं, पुढचं चाक ढेकळांत रुतलं आणि विमान उलटलं. कमरेचा मणका दबला आहे, उजव्या मनगटात प्लेट बसवली आहे. इतक्या कमी उंचीवर इंजिन गेलं की धावपट्टीकडे माघारी वळायचा मोह होतो. वळताना वेग तुटतो, पंखांची उचल संपते आणि विमान गिरकी घेत खाली येतं. या वळणाने जगभर किती वैमानिक मारले ते आपल्या खात्याला मी सांगायला नको. ती वळली नाही. शिकवलं होतं तेच केलं, म्हणून आज घरात झोपून का होईना, माझ्याशी बोलते आहे. तिची पाठ थोपटायची सोडून तिच्या नावावर चूक लिहिली.

अपघात झाला तेव्हा शाळेचे व्यवस्थापक हॉस्पिटलमध्ये आले होते. इंजिनाची लॉगबुकं, म्हणजे दुरुस्ती-तपासणीच्या नोंदवह्या, दाखवतो, काही लपवणार नाही, असा शब्द त्यांनी तिच्या आईसमोर दिला. लॉगबुक आजवर आमच्या नजरेस पडलेलं नाही. मागितलं की चौकशी चालू आहे म्हणतात. चौकशी चालू आहे, तर चूक कुणाची हे ठरलं कसं?

मी वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्स फिटर म्हणून उभी नोकरी केली. शाफ्ट तुटला की आम्ही आधी मशीनचं कार्ड काढायचो. शेवटचं ऑइल कधी बदललं, बेअरिंग कधी घातलं, तडा बघायला रंग लावून पुसून कधी तपासलं. ऑपरेटरचा हात त्यानंतर. विमानाच्या बाबतीत हा क्रम उलटा का?

मुलीचं विमान कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, तक्रार बनवणाऱ्यावर नाही. पण त्याच्या पाटीवर १९७९ साल होतं. तेव्हा माझी बायको बालवाडीतही गेली नव्हती. आणि हे एकटं नाही. सेस्ना १५२ हे शिकाऊ वैमानिकांचं नेहमीचं विमान १९७७ ते १९८५ या काळात बनलं आणि मग बंद झालं. म्हणजे जगातलं सर्वांत तरुण सेस्ना १५२ सुद्धा आज चाळिशीचं आहे. जुनं आहे म्हणून ते वाईट, असं मी म्हणत नाही. जेआरडी टाटांनी १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ या १९३० च्या दशकातल्या विमानातून कराची ते मुंबई उड्डाण केलं. नीट जपलेलं यंत्र आयुष्यभर साथ देतं. १९३२ मध्ये त्यांनी टपाल आणलं ते पुस मॉथ होतं आणि त्याच जातीची काही विमानं त्या काळात हवेतच मोडून पडली होती. तेव्हा लोकांनी अवशेष तपासले, पंखांच्या आधाराची रचना सुधारली. त्या काळात जमलं ते आज का जमू नये?

आता इंजिन हवेत का बंद पडतं ते बघा. या जुन्या विमानांत हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा ओढली जाते, पेट्रोलची वाफ होते आणि आतलं तापमान वीस-पंचवीस अंशांनी उतरू शकतं. हवा दमट असली तर बाहेर पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. आपल्याकडे बर्फ कुठला, असं कुणी म्हणेल; पावसाळ्यातली आपली हवा त्याला पुरते. आणि विमान खाली पडेपर्यंत तो बर्फ वितळून गेलेला असतो. पुरावा संपला. मग कागदावर एकच कारण उरतं, वैमानिकाने बर्फ वितळवायला गरम हवा आत सोडणारा खटका वेळेवर ओढला नाही. तो खटका नीट काम करत होता का, त्याची केबल किती जुनी होती, हे कोण बघतं?

दुसरं, टाकीतलं पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्रभर दमट हवेत उभी राहिली की आत पाणी जमतं आणि तळाशी बसतं. सकाळी तळाच्या झडपेतून नमुना काढून बघायचा असतो. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर पावसाचं पाणीही आत जातं. इंधनाच्या जुन्या काट्यांवर तर शहाणा वैमानिक विश्वासच ठेवत नाही, काठी बुडवून मोजतो. सेस्नाच्या जुन्या विमानांत खुर्चीची रूळपट्टी झिजली की ऐन टेक-ऑफला खुर्ची मागे घसरते, वैमानिकाचा हात दांड्यासकट मागे येतो आणि विमान नाक वर करून कोसळतं. यासाठी अमेरिकेने १९८७ सालीच तपासणी सक्तीची केली. ही चूकसुद्धा वैमानिकाच्याच नावावर चढवणं किती सोपं आहे बघा.

आणि थकलेला धातू. १९ डिसेंबर २००५ ला मायामीजवळ १९४७ साली बनलेल्या समुद्री विमानाचा पंख उडताना तुटला आणि वीस माणसं गेली. पंखात तडे होते, आधीच्या दुरुस्त्या कच्च्या होत्या आणि सरकारी देखरेख ढिली होती, असं तिथल्या चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं. ४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडातच डेटोना बीचला एका प्रशिक्षण विमानाचा पंख निखळला, दोघं गेले. ते विमान तर २००७ चं होतं. शिकाऊ हातांनी दिवसभर आदळत उतरवलेलं विमान लवकर म्हातारं होतं. तडा होता बोल्टच्या भोकात, वरून बघून दिसणार नाही असा. तिथे मंडळाने पंखाची तुळई उघडली. आमच्याकडे माझ्या मुलीचा वैमानिक परवान्याचा अर्ज उघडला.

आपल्याकडचं सांगू? २० ऑगस्ट २०२४ ला जमशेदपूरहून उडालेलं सेस्ना १५२ चांडील धरणात सापडलं, प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघेही गेले. २२ एप्रिल २०२५ ला गुजरातेत अमरेलीला शिकाऊ वैमानिक वस्तीत कोसळून गेला. २८ जून २०१८ चं घाटकोपर तर आम्ही ठाणेकर विसरूच शकत नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेलं किंग एअर जातीचं छोटं विमान दुरुस्त करून भर पावसाळ्यात, मुंबईच्या डोक्यावरून चाचणीला उडवलं. आतले चौघं आणि रस्त्याने जाणारा एक, पाच जण गेले.

आपल्याच डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, १ ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूल्सची क्रमवारी लावली. त्या पहिल्या यादीत ए प्लसमध्ये एकही नाही, ए मध्ये एकही नाही. तेरा शाळा बी, बावीस शाळा सी. म्हणजे पालकांनी घर गहाण टाकून पोरं पाठवायची आणि सरकारच म्हणतं की देशात एकही शाळा चांगली म्हणण्यासारखी नाही! मग या शाळा चालू कशा? तपासणार तरी कोण? डीजीसीएच्या मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याचं संसदीय समितीसमोर आलं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अठरा वर्षांपेक्षा जुन्या लहान विमानाची जबाबदारी साधारणपणे बनवणाऱ्यावर राहत नाही. तिथे तो हात झटकतो, इथे शाळा झटकते, खात्याकडे माणसं नाहीत. शेवटी उरते ती वीस वर्षांची मुलगी, जी खुर्चीत बसली होती.

हे फक्त आकाशातलं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून मेली, तेव्हा पहिल्यांदा काय ऐकलं? दारात लटकले म्हणून पडले. घोडबंदरला खड्ड्यात दुचाकी गेली की वेग जास्त होता. प्रत्येक वेळी शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा. त्याच्या मागे सह्या करणारे, टेंडर काढणारे, तपासणी न करता शिक्का मारणारे यांची नावं कधीच येत नाहीत. नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, ठाण्याच्या चौकाचौकांत फलक लागले. मला त्याचा अभिमान आहे, खरंच आहे. पण त्या धावपट्टीवरून उद्या जी विमानं उडवायची, ती उडवणारी पोरं आज कशावर शिकतात, हे त्या फलकांवर कुठेच नव्हतं.

फी पन्नास लाखांच्या घरात. कर्जासाठी फ्लॅट बँकेकडे, बायकोचे दागिने सोनाराकडे. दोनशे तास उड्डाण झाल्याशिवाय कमर्शियल परवाना नाही आणि डॉक्टर म्हणतात मणक्याला वेळ द्या. ती रात्री दुखण्याने उठते, पण रडते ती त्या पत्रामुळे. "बाबा, मी खरंच चुकले का?" असं विचारते. मी फिटर माणूस, लॉगबुक बघितल्याशिवाय तिला काय उत्तर देऊ?

मागणं मोठं नाही. प्रत्येक प्रशिक्षण विमानाचं बनावटीचं साल, इंजिनाचे तास आणि शेवटची मोठी दुरुस्ती सगळ्यांना बघता येईल अशी जाहीर करा, आणि फी घेण्याआधी पालकाच्या हातात द्या. वयस्कर सेस्नांसाठी कंपनीनेच ज्या जादा तपासण्या सांगितल्या, त्या ऑस्ट्रेलियाने बंधनकारक केल्या. आपल्या देशातल्या कुठल्या विमानावर त्या झाल्या, त्याची यादी लावा. अपघातानंतर लॉगबुकं त्याच दिवशी सील करा, शाळेच्या ताब्यात ठेवू नका. आणि ज्या शाळेचं विमान पडलं तिनेच दोष ठरवायचा, ही पद्धत बंद करा.

माझ्या मुलीच्या विमानाची फाइल मिळेपर्यंत मी उरलेली फी भरणार नाही. तसं शाळेला लेखी कळवलं आहे, त्याची प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे.

आपला,
एका शिकाऊ वैमानिक मुलीचा बाप
वागळे इस्टेट, ठाणे