बूच मारलेली नळी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास, "घर घेताना तपासायला वेगळा माणूस कशाला लागतो? गळत असेल तर दिसेलच की." तेव्हा उत्तर अर्धवट राहिलं, आणि वहिनीला तर फक्त गमतीच ऐकायच्या होत्या. म्हणून हे लांबलचक पत्र.

अमेरिकेत घराचा सौदा ठरला की खरेदीखताआधी घेणाऱ्याला थोडी मुदत मिळते, बहुधा आठवडा-दहा दिवसांची. तेवढ्यात तो स्वतःच्या खर्चाने माझ्यासारखा इन्स्पेक्टर आणतो. दोन-तीन तासांत छपरापासून तळघरापर्यंत सगळं बघायचं, पण भिंत फोडायची नाही, फरशी उचकटायची नाही. हातात दोन टॉर्च, शिडी, स्क्रू-ड्रायव्हर, ओल मोजायचं यंत्र आणि विजेचे टेस्टर. तू म्हणतोस तशी उघडी गळती असेल तर ती घेणाऱ्यालाही दिसते, त्याला इन्स्पेक्टर लागत नाही. पंचाईत असते ती गळत होतं तिथे कोणीतरी बूच मारून ठेवलेलं असतं तेव्हा.

बूच म्हणजे अक्षरशः बूच. इथला वॉटर हीटर म्हणजे छातीएवढी उभी टाकी, दीडशे-दोनशे लिटरची. तिच्या वरच्या अंगाला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब १५० पीएसआय झाला किंवा पाणी ९९ सेल्सिअसला पोचलं की तो उघडतो. त्याला निदान पाऊण इंची नळी जोडून ती जमिनीपासून सहा इंचांच्या आत आणून सोडायची. नळीला मध्ये कॉक नको, कुठे चढ नको आणि टोकाला आटे नकोत. आटे अशासाठी नकोत, की ते दिसले की कोणीतरी त्यावर कॅप बसवणारच. आणि तरीही बसवतात. नळी ठिबकते, खाली बादली ठेवावी लागते, बादली भरते, मग एका रविवारी घरमालक आटे पाडून कॅप आवळतो आणि निवांत होतो. आता थर्मोस्टॅट अडकला तर पाणी शंभरच्या वर तापत जातं, पण दाबामुळे उकळत नाही. टाकी फाटली की त्यातल्या बऱ्याच पाण्याची एका झटक्यात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. अशा टाक्या दोन मजले आणि छप्पर फोडून बाहेर गेलेल्या आहेत.

ठिबकायचं कारण मात्र अगदी साधं असतं. १९० लिटर पाणी १० वरून ५० सेल्सिअसला नेलं की ते दोन लिटरांच्या आसपास फुगतं. पूर्वी हे जास्तीचं पाणी मागे रस्त्यावरच्या पाइपात सरकायचं. आता मीटरपाशी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा एकदिशा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे मागची वाट बंद. मग वाट उरते ती सेफ्टी व्हॉल्व्हचीच. उपाय म्हणजे थंड पाण्याच्या लाइनवर साताठ लिटरची एक्स्पान्शन टाकी. शिवाय येणाऱ्या पाण्याचा दाब गेजने मोजायचा, ८० पीएसआयच्या वर असेल तर तो आधी उतरवायचा. (तुमच्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून तापताना दोन थेंब पडतात ना, त्याचंही मूळ हेच. ती नळी बंद करू नकोस.)

विजेतही तीच तऱ्हा. एमसीबी सारखा पडतो, मग मोठा एमसीबी टाका! १४ गेजच्या तांब्याच्या वायरला १५ अँपिअरचा ब्रेकर (म्हणजे एमसीबीच) हवा, १२ गेजला २०, १० गेजला ३०; गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. बोर्डाचं झाकण काढलं की १४ गेजची वायर ३० च्या ब्रेकरखाली बसलेली दिसते. ब्रेकर आता पडत नाही, वायर भिंतीत तापते. जुन्या स्क्रूच्या फ्यूजच्या घरांत तर फ्यूजच्या मागे तांब्याचा पेनी सरकवलेला सापडतो. त्या एका सेंटात सगळं संरक्षण संपलेलं असतं. झाकणाचे स्क्रूसुद्धा बघून घ्यावे लागतात. मूळचे चपट्या टोकाचे असतात. एखादा हरवला की कोणीतरी अणकुचीदार लाकडी स्क्रू पिळतो, आणि तो आतल्या वायरच्या इन्सुलेशनमध्ये घुसून बसतो. म्हणून झाकण काढताना आधी स्क्रू मोजायचे, मग हात घालायचा.

पण सगळ्यात बेरकी लबाडी प्लगच्या पॉइंटमध्ये असते, ती नीट सांगतो. इथे जुन्या घरांत दोन भोकांचे पॉइंट, अर्थिंगची वायरच नाही. विकताना तीन पिनांचा पॉइंट दिसला तर बरं दिसतं, म्हणून नवा पॉइंट बसवतात आणि आतल्या आत न्यूट्रलचा स्क्रू आणि अर्थचा स्क्रू वीतभर वायरच्या तुकड्याने जोडून टाकतात. तपासायला आमच्याकडे तीन दिव्यांचा टेस्टर असतो, तो खोचला की "सगळं ठीक"चे दिवे लागतात. कारण अर्थ आणि न्यूट्रल यांच्यातला फरक त्याला ओळखताच येत नाही. उद्या न्यूट्रल मागे कुठे सुटला तर चालू असलेल्या उपकरणाच्या पत्र्यावर १२० व्होल्ट. आणि हेच करताना फेज-न्यूट्रल उलटे लागले असतील तर काही सुटायचीसुद्धा गरज नाही, पत्रा पहिल्या दिवसापासून जिवंत, आणि टेस्टर तरी "ठीक"च म्हणतो! हे पकडायला पेनसारखा बिनस्पर्शी टेस्टर अर्थच्या भोकाजवळ न्यायचा. तिथे तो वाजला तर पॉइंटला हात न लावता सरळ मेन बंद. नियमातला रस्ता अवघड नाहीये. अर्थ नसलेल्या ठिकाणी जीएफसीआय लावायचा आणि "अर्थिंग नाही" असं स्टिकर चिकटवायचं. करंट गळला की वीज तोडणाऱ्या आपल्याकडच्या आरसीसीबीचाच भाऊ तो, फक्त घरचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडतो आणि हा ५ च्या आसपास.

आता लाकूड. इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, त्यामुळे पायाखाली काँक्रीटचा स्लॅब नाही, दर सोळा इंचांवर एक तुळई. दहा इंची म्हणून विकतात, प्रत्यक्षात ती सव्वानऊ इंच उंच भरते. तिला भोक पाडायचं तर उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे तीन इंच, आणि वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच सोडून. कडेला खाच मारायची तर एक षष्ठांश, म्हणजे दीड इंच, आणि गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात अजिबात नाही. आता गंमत बघ. कमोडचा पाइप तीन इंची म्हणतात, पण त्याचा बाहेरचा व्यास साडेतीन. म्हणजे तो नियमाने तुळईतून जाऊच शकत नाही. नेमकी कमोडच्या जागेखाली तुळई आली तर प्लंबर करवत काढतो आणि ती आरपार कापतो. वर फरशी, फरशीवर चिनी मातीचा कमोड, त्यावर माणूस, आणि खाली तुळईची दोन टोकं हवेत. तळघरातून टॉर्च मारला की हे दिसतं. बरोबर पद्धत अशी, की दोन्ही बाजूंच्या तुळया दुहेरी करायच्या आणि कापलेली टोकं आडव्या तुळईला लोखंडी हँगरने टांगायची. दिवसभराचं सुताराचं काम, पण ते करायला सुताराला बोलवावं लागतं, आणि प्लंबर तोवर बिल घेऊन गेलेला असतो.

वरची फरशी खचू लागली की खाली टेकू येतो. तो कधी गाडीचा जॅक असतो, कधी विटांच्या चळतीवर लाकडाच्या पाचरी. जॅक चाक बदलण्यापुरता बनवलेला असतो, तो तसा वर्षानुवर्षं ओलीत उभा राहतो आणि त्याचे आटे गंजतात. टेकूला खाली काँक्रीटचा पाया हवा, नाहीतर सगळा भार तळघराच्या चार इंची कोब्यावर येतो आणि टेकू त्यात रुततो.

हे असं बेरकी असतं तसं निव्वळ आळशीही असतं. गॅरेजचं दार मोटरवर चालतं. खाली येताना मध्ये मूल किंवा मांजर आलं तर दाराने उलट फिरावं म्हणून दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, एकमेकांकडे बघणारे दोन सेन्सर लावायचे. १९९३ पासून बनलेल्या मोटरांना अशी सोय कायद्याने लागते. झाडूचा धक्का लागून सेन्सर हलले की दार बंदच होत नाही. कंटाळलेला माणूस दोन्ही सेन्सर काढतो, समोरासमोर करतो आणि वर छताला मोटरशेजारी टेपने चिकटवतो. ते तिथे जन्मभर एकमेकांकडे बघत बसतात आणि खाली कोण आलंय ते दाराला कळतच नाही. निदान टेकल्यावर तरी दार उलट फिरतं का हे तपासायला जमिनीवर दीड इंच जाडीची लाकडी पट्टी आडवी ठेवायची, दार तिला टेकून परत फिरलं पाहिजे.

कपडे वाळवायच्या यंत्राची चार इंची नळी बाहेर सोडायच्या ऐवजी पोटमाळ्यात सोडलेली असते. एकेका वेळी लिटरभर तरी पाणी वाफेने वर, शिवाय कापसासारखा पेटता येईल असा भुगा. बाथरूमच्या पंख्याचीही तीच कथा. थंडीत ती वाफ छपराच्या फळ्यांना लागते आणि नळीच्या तोंडासमोर बुरशीचा काळा गोल उमटतो. तो दिसला की खाली आंघोळ कुठे होते ते नकाशा न बघता सांगता येतं.

तळघराच्या चार भिंतींपैकी एकीलाच ताजा रंग असेल तर ओलीचं यंत्र आधी तिथेच लावायचं. पण उपाय बहुतेक वेळा बाहेर असतो. पन्हळीचं पाणी भिंतीशीच पडतं, किंवा जमिनीचा उतार घराकडे असतो. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला हवा. उभी केसाएवढी चीर चालते. ब्लॉकच्या भिंतीला मध्यावर आडवी चीर दिसली तर बाहेरची माती भिंत आत ढकलते आहे असं धरायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं, इन्स्पेक्टरने तिथे स्वतःची अक्कल चालवू नये.

रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, त्यालाही फसवायला लोक बघतात. खिडक्या बंद ठेवून निदान ४८ तास मोजायचा, ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे हवेच्या लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) किंवा वर आला तर इलाज करायचा. विकणारा रात्री गुपचूप खिडक्या उघडतो. यंत्र तासातासाला आकडा नोंदवत असतं, म्हणून आलेख रात्री दहाला धाडकन खाली आणि सकाळी पुन्हा वर. खिडकी किती वाजता उघडली तेही त्यातच लिहिलेलं!

वहिनीसाठी दोन राखून ठेवलेत. एक, कमोडला गरम पाणी. तळघरात नवीन बाथरूम काढताना दोन्ही पाइप सारखेच दिसतात, चुकीच्याला जोड मारला की झालं. थंडीत भांड्यातून वाफा येतात, बसायला ऊबदार, आणि गॅसचं बिल का वाढलं याचा सगळे शोध घेत असतात.

दुसरी गोष्ट दोषच नाही, पण बाहेरगावचा गिऱ्हाईक ती बघून हबकतो. पिट्सबर्गच्या जुन्या घरांत तळघराच्या मधोमध एक कमोड असतो. भिंत नाही, दार नाही, पडदा नाही, नुसता उघड्यावर. कोणी म्हणतात पोलाद कारखान्यातून आलेले कामगार वर जायच्या आधी तिथे उरकत. कोणी म्हणतात गटार तुंबलं तर पाणी वरच्या मजल्याऐवजी तिथे निघावं म्हणून. रिपोर्टात मात्र एवढंच लिहायचं: फ्लश चालतो, बुडाशी गळती नाही, खालचा नट घट्ट आहे. भिंत का नाही हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

मुलांना आशीर्वाद. गीझरच्या नळीचा फोटो पाठव.

तुझा धाकटा