काच न्यूयॉर्कची, ऊन सोलापूरचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रोड, सात रस्ता भागात हल्ली नवं व्यापारी संकुल उठलं की त्याची दर्शनी बाजू काचेची ठरलेलीच. मग ती पश्चिमेला का असेना! आमच्या नात्यातल्या एका मुलाचं ऑफिस अशाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी ऊन थेट टेबलावर येतं, म्हणून त्यांनी काचेला आतून खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवलीत आणि भरदिवसा ट्यूब लावून काम चालतं. लाइट गेली की एसी बंद. काच उघडत नाही, त्यामुळे सगळे जिन्यात येऊन बसतात.

ही काच आली कुठून, ते पाहण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर १९५२ साली लिव्हर या साबण कंपनीचं ‘लिव्हर हाउस’ उभं राहिलं. गॉर्डन बन्शाफ्ट हे त्याचे वास्तुरचनाकार. दर्शनी बाजूंना हिरवट-निळी काच, एकही खिडकी न उघडणारी, थंडावा सगळा यंत्राचा. काचा पुसायला गच्चीवरून पाळणा सोडायचा. जगभरच्या ऑफिसांनी हा नमुना उचलला.

पण याच बन्शाफ्ट यांना पुढे सौदी अरेबियातल्या जेद्दामध्ये बँकेची २७ मजली इमारत करायची होती, तेव्हा त्यांनी स्वतःचाच नमुना बाजूला ठेवला. १९८३ मध्ये पुरी झालेली ही इमारत त्रिकोणी आहे आणि तिच्या बाहेरच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. भिंतींत कित्येक मजले उंचीच्या तीन प्रचंड पोकळ्या सोडल्या आहेत. ऑफिसांच्या खिडक्यांची तोंडं आहेत ती या पोकळ्यांकडे, सावलीत. आणि मधल्या उभ्या पोकळीतून गरम हवा वर निघून जाते. आपल्या वाड्यातला चौकच जणू एकावर एक रचलेला. १९८८ मध्ये बन्शाफ्ट यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावाने यातली कोणती इमारत समोर ठेवायला हवी होती? जाड भिंतींची माळवदाची घरं इथलीच ना! उंच बांधायला माझा अजिबात विरोध नाही. पोरांना पुण्याला न जाता इथेच चांगल्या ऑफिसात बसता आलं पाहिजे, असं मनापासून वाटतं. म्हणून तर त्या ऑफिसात बसवेल, एवढं तरी बांधताना बघा.

केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत मोठ्या व्यापारी इमारतींसाठी बाहेरच्या भिंतीत काचेचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत ठेवण्याचा निकष आहे. महापालिकेने बांधकाम परवाना देताना लहान संकुलांनाही तो लावावा. पश्चिमेच्या काचेवर सज्जा किंवा जाळी असल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये. आणि आपल्याला एक विनंती : नव्या संकुलांच्या जाहिराती येतात त्या पानावर लिव्हर हाउस आणि जेद्दाची बँक, दोन्हींची छायाचित्रं एकदा शेजारी-शेजारी छापा.

– एक वाचक, सोलापूर