खुंटीवरची बंदूक

ती. बाबांस व आईस शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलले असते तर बाबा, तुम्ही "बघू गं" म्हणून फोन आईकडे दिला असता. म्हणून लिहायला बसले.

मे महिन्यात गावाहून पुण्याला परतलो, त्या रात्री कपडे भिजवताना धाकट्याच्या चड्डीच्या खिशात काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली. लाल प्लास्टिकची, खाली काळवंडलेलं पितळी बूड. ओठाला लावून फुंकली की शिटी वाजते, आम्हीही लहानपणी वाजवायचो. कुठं मिळाली विचारलं, तर म्हणाला, "आजोबांच्या डब्यात." आणि मी काही न विचारता पुढं सांगून मोकळा झाला, "बंदूक खुंटीवर असते ना, स्टुलावर चढलं की तिथं हात पोचतो."

पोचतो म्हणजे त्याने पोचवून बघितलाय. आठ वर्षांचा आहे तो, बाबा. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बंदूक देऊन टाका असं मी म्हणत नाही. ती आजोबांपासून घरात आहे, परवाना शेतीरक्षणाचा आहे, आणि डुकरं एका रात्रीत भात कसं लोळवतात ते मी बघितलंय. बार काढला नाही तर माकडं एक नारळ हाती लागू देत नाहीत. बंदूक राहू दे. पण माजघराच्या दाराआड खुंटीवर नको. परवाना तुमच्या नावावर आहे, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर विचारणा तुम्हालाच होणार. शस्त्र कायदा 1959 चा असला तरी 2016 च्या नियमांत बंदूक सुरक्षित ठेवायची जबाबदारी परवानाधारकावर नीट घातली आहे.

महिनाभर मी याच्याच मागे होते. आईच्या कपड्यांच्या कपाटात ठेवू, असं तुम्ही म्हणाल. त्या कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो, पहार घातली की दार वाकतं. आपल्याला निदान तीन मिलिमीटर पत्र्याची, आत बिजागरी असलेली, दाराला तीन-चार खटके असलेली उभी तिजोरी हवी. आतून साडेचार फूट उंच, म्हणजे नळी आणि दस्ता वेगळे न करता बंदूक उभी राहील. एवढी तिजोरी 50-60 किलोच्या आसपास भरते. दोन माणसं ती उचलून टेम्पोत घालू शकतात, आणि तुम्ही दोघं दिवाळीला इकडे आलात की घर महिनाभर बंद असतं. म्हणून ती बोल्टने आवळलीच पाहिजे.

इथंच आपल्या घराची अडचण आहे. भिंती जांभ्याच्या, त्यात बोल्ट धरत नाही, चिरा भुसभुशीत होऊन हलतो. गवंड्याला सांगून तुमच्या खोलीच्या आतल्या कोपऱ्यात काँक्रीटचा वीतभर उंच ओटा घालून घ्या, त्यातच बोल्ट बसवू. तिजोरी जमिनीपासून वर राहिली की ओलही कमी लागेल. न्हाणीकडची भिंत मात्र नको, श्रावणापर्यंत तिला पाझर असतो.

कुलुपाचा मी खूप विचार केला. दुकानदार बोटाच्या ठशाचं कुलूप दाखवत होता. मला तुम्ही रेशनच्या दुकानात उभे दिसलात, पुन्हा पुन्हा अंगठा पुसून मशीनवर ठेवताना. आयुष्यभर मातीत काम केलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, आणि रात्री डुकरं शेतात असताना ते कुलूप उघडलं नाही तर तुम्ही दुसऱ्या दिवशी बंदूक परत खुंटीवर टांगाल. आकड्यांच्या कुलपाचे सेल आपल्याकडच्या पावसात गंजतात. चकती फिरवून उघडायचं कुलूप घ्यावं तर मोतीबिंदू काढल्यावरही बारीक आकडे दिव्याखाली तुम्हाला दिसत नाहीत. म्हणून चांगलं किल्लीचं कुलूपच घेऊ. एक किल्ली तुमच्या करगोट्याला, दुसरी पाकिटात बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये. आई, देवघराच्या कोनाड्यात ठेवू नकोस गं. नातवंडांना तो कोनाडा पाठ आहे.

काडतुसं वेगळी. वेगळा छोटा डबा, त्याला वेगळं कुलूप, आणि ठेवायचा दुसऱ्या खोलीत. सुपारीच्या डब्याशेजारचा तो बिस्किटांचा डबा आता नको.

बंदुकीचं कापडी कव्हर आत ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं आणि नळीवर गंजाचे ठिपके येतात. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीत आतून जिप्सम असतं, तेही दमट हवेत बरं नाही, म्हणून ती मी बाद केली. मी सिलिका जेलच्या पिशव्या आणते, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी त्या बदलायच्या. तेलाचा हात तुम्ही फिरवताच.

2024 मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला तुम्ही बंदूक धोतरात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा केलीत आणि पावती वहीत जपून ठेवलीत. दोन्ही वेळा तुम्ही एक दिवस उशीर केला नाहीत. एवढी शिस्त ज्यांच्याकडे आहे त्यांना मी शिकवत नाहीये. ती खुंटी आजोबांची, तुम्ही कधी बदलली नाहीत, एवढंच. आम्ही लहान असताना तुमच्या नुसत्या नजरेला घाबरायचो. ही मुलं तुम्हाला जीव लावतात, घाबरत नाहीत, आणि तुमच्याकडे आहे ते त्यांना हातात घेऊन बघायचं असतं.

पैशांचं मी बघते, त्यावर वाद घालू नका. गणपतीत येऊ तेव्हा मुलं घरभर असतील, त्याआधी तिजोरी बसलेली मला हवी.

तोवर एक करा. नळी उघडून आत काडतूस नाही हे दोनदा बघा, मग नळी आणि दस्ता वेगळे करा. नळी तुमच्या ट्रंकेत कुलपात, दस्ता दुसरीकडे. आणि वेगळे करण्याआधी टेपने बंदुकीची पूर्ण लांबी मोजून मला कळवा. इंचात चालेल.

तुमची,
ताई