मॅडम, किलवर म्हणजे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका ज्येष्ठ वाचकाचं पत्र आलं होतं. गणिताला जात नसते, बोली नसते, दोन अधिक दोन सगळीकडे चारच. तेव्हा मुलं कुठल्या घरातून आली याचा विचार करत कॉलेजात गणित शिकवणं म्हणजे दर्जा घालवणं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी शहाद्याला सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते, गरज पडेल तेव्हा गणितही. दोन अधिक दोन चार हे मलाही मान्य आहे. पण ते चार मुलापर्यंत कसे पोचतात आणि वाटेत कोण गळतं, हे मी रोज बघते, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या वर्षाला संभाव्यतेत एक प्रश्न ठरलेला असतो. बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक पान काढलं, तर ते किलवरचं किंवा चित्राचं असण्याची संभाव्यता किती? पुस्तकात तो आहे, म्हणून मीही वर्षानुवर्षं तोच घालत आले. एका वर्षी सातपुड्यातल्या धडगावच्या वरच्या पाड्यावरून आलेल्या एका पावरा आदिवासी मुलीचा पेपर तपासताना दिसलं, की तिने नियम अचूक लिहिला होता: दोन्ही संभाव्यतांची बेरीज करायची आणि सामाईक भाग वजा करायचा. पुढे आकडेच नव्हते. मी तिला चारपैकी एक गुण दिला. पेपर दाखवायच्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "क्लब म्हणजे गावात पोरांचा असतो तो, एवढंच मला माहीत." प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती. मी म्हटलं, अगं, क्लब म्हणजे किलवर. त्यावर तिने विचारलं, "मॅडम, किलवर म्हणजे काय?"

तिने आयुष्यात पत्ते हातात घेतले नव्हते. वर्गात चौकशी केली तेव्हा कळलं की ती एकटी नव्हती. एका मुसलमान मुलाच्या घरात पत्त्यांना बंदी होती. एका माळकरी घरातल्या मुलाच्या घरीही तसंच. आणि मुलींपैकी निम्म्यांना चित्राची पानं बारा असतात हे माहीत नव्हतं, कारण पारावर पत्ते कुटायला बसतात ते पुरुष. मी संभाव्यता तपासत होते की पत्त्यांची ओळख? तो एक गुण मला आजही टोचतो.

तेव्हापासून मी उदाहरणं बदलली. सोपी केली नाहीत, बदलली. त्या वाचकांनी दर्जाचा मुद्दा काढला आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगते.

सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती उगवतात ते मोजावं, हे कृषी खातं दर हंगामात सांगतं. बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दहाच दाणे ठेवले. पाच उगवले. त्यांनी घरचं सगळं बियाणं बाद ठरवलं आणि उसनवारी करून दुकानातून बॅगा आणल्या. मुलाने वर्गात विचारलं, "माझ्या वडिलांचं चुकलं का?" त्या दिवशी द्विपद वितरण, म्हणजे इतक्या दाण्यांपैकी किती उगवतील याच्या संभाव्यता काढणं, शिकवायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. दाणा उगवण्याची संभाव्यता ०.७ धरली, तरी दहापैकी पाच किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याची संभाव्यता ०.१५ निघते. म्हणजे बियाणं चांगलं असूनही साधारण सात चाचण्यांत एकदा असं दिसणार. तेच शंभरात पन्नास किंवा त्याहून कमी उगवणं दहा हजार वेळांत एकदाही घडायचं नाही. शंभर दाणे का, याचं उत्तर मुलांनी स्वतः बेरजा करून काढलं. तो मुलगा बराच वेळ वहीकडे बघत बसला होता. त्या बॅगांचे पैसे त्याच्या डोळ्यासमोर असणार.

मग धडगावची तीच मुलगी, आता दुसऱ्या वर्षाला होती, म्हणाली, "मॅडम, पण माझी आई बियाण्याचे दाणे वेचून वेचून काढते. ते शंभर सगळे उगवतील. त्यावरून पोत्याचं काय कळणार?" नमुना निवडताना होणारा पक्षपात ही गोष्ट समजावताना मी एरवी अर्धा तास घालवते. तिने ती दोन वाक्यांत सांगितली.

माझे वडील अमळनेरच्या बाजार समितीत मापाडी होते. पायलीने धान्य मोजताना ते पहिल्या मापाला एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन. व्यापारी पोत्याच्या तोंडाशी हात घालून वानगी घ्यायला लागला, की वडील सांगत, तळातलीही काढा, मधलीही काढा. वानगी म्हणजे नमुना. हा शब्द मला घरात मिळाला होता, पण कॉलेजात कुणी तो वापरला नाही. मी 'रँडम सॅम्पल' पाठ केलं आणि परीक्षेत लिहिलं. वडील पोत्याच्या तळातून काढत होते ते हेच, हे नोकरीला लागून तीन वर्षं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. इतका उशीर माझ्या विद्यार्थ्यांना होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

भाषेचं म्हणाल तर, इंग्रजी काढा आणि मराठी आणा, एवढ्याने भागेल असं मी म्हणणार नाही. आमच्या वर्गात अहिराणी, गुजरी, पावरी, भिली, उर्दू बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात दर शंभरात जवळपास ६९ माणसं अनुसूचित जमातींची होती. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्याला 'रँडम' ऐवजी 'यादृच्छिक' दिलं तर त्याचं ओझं कमी होत नाही, मीच तो शब्द उच्चारताना अडखळते. म्हणून मी असं करते: पहिली दहा मिनिटं तीन-तीनचे गट, आपापल्या बोलीत काय ते बोला. मग फळ्यावर मराठीत. इंग्रजी संज्ञा शेवटी, पण ती येतेच, कारण पुढे तिच्याशिवाय चालत नाही.

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, असंच शिकवते. आपल्याकडे केळीच्या घडाच्या सरासरी वजनाला 'रास' म्हणतात. दोन बागा, दोन्हींची रास वीस किलो. एकीत घड एकोणीस ते एकवीसचे, दुसरीत बारापासून अठ्ठावीसपर्यंत. एक मुलगा लगेच म्हणाला, "त्या बागना भरोसा नही." भरोसा किती कमी ते आकड्यात सांगायचं, एवढंच त्या सूत्राचं काम आहे.

एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं होतं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. मी माझ्या तीन वर्गांत विचारलं. हे एकाही मुलाला माहीत नव्हतं.

माझ्या हातून झालेली एक चूकही लिहायला हवी. आकडेवारी गोळा करायला शिकवताना मी भर वर्गात एकेकाला उभं करून वडिलांचा व्यवसाय विचारला होता. शेती, नोकरी, दुकान असं चालू होतं. एक मुलगी उभी राहिली आणि बोललीच नाही. तिचे आईवडील दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जात, हे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. पुढे आठ दिवस ती वर्गात आली नाही. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला प्रश्न कसा विचारावा हे कळू नये, याची मला फार लाज वाटली.

आणि तोडगा संख्याशास्त्रातच होता. १९६५ मध्ये स्टॅन्ले वॉर्नर या अमेरिकी अभ्यासकाने नाजूक प्रश्न विचारण्याची एक रीत सुचवली. तिचं एक सोपं रूप मी वापरते. प्रत्येकाने आपलं नाणं कुणाला न दाखवता उडवायचं. छापा आला तर चिठ्ठीवर 'हो' लिहायचं, काटा आला तर खरं उत्तर. प्रश्न: या वर्षी फी भरायला घरी कर्ज काढावं लागलं का? समजा साठ मुलांत बेचाळीस 'हो' आले. त्यांतले सुमारे तीस नाण्याचे. उरलेल्या तिसांत बारा खरे, म्हणजे चाळीस टक्के. कुणाची 'हो'ची चिठ्ठी कुणी उघडून वाचली तरी ते 'हो' नाण्याचं की खरं हे कळत नाही, आणि वर्गाबद्दल मात्र कळतं. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मुलं अगदी शांत बसून बेरीज बघत होती. मुलाची लाज राखून खरं काढणारं गणित हलक्या दर्जाचं आहे, असं ते वाचक म्हणतील का?

वेळापत्रकाचं थोडक्यात सांगते. एका वर्षी मी अंतर्गत चाचणी होळीच्या आठवड्यात ठेवली. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण. काठी गावच्या राजवाडी होळीला तर रात्रभर माणसं नाचतात, पहाटे होळी पेटते. सहा मुलं चाचणीला आली नाहीत आणि मी सहा शून्यं टाकली. दिवाळीच्या आठवड्यात चाचणी ठेवायचं माझ्या मनातही आलं नसतं.

आता त्या पत्रातला शेवटचा मुद्दा: 'गणित हे शुद्ध शास्त्र आहे, त्यात गावगाडा आणू नये.' हे वाचून मला चाळीसगावजवळचं पाटण आठवलं. तिथल्या शिलालेखात नोंद आहे, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ ला, त्याला दान मिळालं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत. पाटणच्या बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीवरच्या करातला वाटा मठाला दिल्याचं त्यात लिहिलं आहे. गणिताची ती शाळा आपल्या खानदेशात बाजाराच्या पैशावर चालली. मापाड्याच्या मुलीला हे वाचून काय वाटलं असेल, ते मी सांगू शकत नाही.

आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त काय आहे? भुंगे आहेत, मोर आणि साप आहेत, तळ्यातलं कमळ आहे, आणि राशिव्यवहार नावाचं एक प्रकरण आहे: खळ्यातल्या धान्याच्या राशीचं माप. राशीच्या घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. उंची मोजायची सोय नसेल तर तीही घेरावरून काढा: जाड दाण्याला घेराचा दहावा भाग, बारीक दाण्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. दाणा बदलला की राशीचा उतार बदलतो, हे ज्याने खळं पाहिलं त्यालाच सुचणार.

गेल्या रब्बीत एका विद्यार्थ्याच्या काकांच्या खळ्यावर आम्ही हरभऱ्याची रास मोजली. दोर घेरायला पुढे झाली ती वर्गात मागच्या बाकावर बसणारी, मजुरीला जाणारी मुलं. दोर पायथ्याशी कुठे लावायचा, हे शहरातल्या मुलांना त्यांनी दाखवलं. घेर वीस हात भरला. भास्कराचार्यांच्या हिशोबाने उंची दोन हात यायला हवी होती, आणि खरंच बोटभर फरकाने तेवढीच आली. घनफळ २२.२ घनहात. शंकूच्या आजच्या सूत्राने २१.२. हा फरक का पडला, म्हणून मुलं माझ्या मागे लागली. त्या नियमात पाय (π, म्हणजे वर्तुळाचा घेर भागिले व्यास) तीन धरला आहे आणि छत्तीसाने भागलं जातं, खरं म्हणजे ३७.७ ने भागायला हवं, हे त्यांनी तिथेच मातीत आकडे मांडून काढलं. याच ग्रंथात ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म गुणोत्तर दिलेलं असताना इथे तीन का घेतला, यावर परतीच्या एसटीत शहाद्यापर्यंत वाद चालला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा त्या वादात सर्वांत मोठ्याने बोलत होता. दोन वर्षांत त्याचा आवाज मी वर्गात ऐकला नव्हता.

आमच्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे माझी मागणी मोठी नाही. गणित आणि संख्याशास्त्राच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी दोन्हींत छापाव्यात. मराठीत लिहिलं तरी चालतं, हे प्रत्येक परीक्षा केंद्राच्या दारावर ठळक अक्षरांत लावावं. पत्त्यांचं उदाहरण घालायचंच असेल तर किती रंगांची किती पानं, ते प्रश्नातच द्यावं. प्रात्यक्षिकाची आकडेवारी विमा, पैसेवारी, केळी, मिरची, पाऊस अशी आपल्या खानदेशच्या तीन जिल्ह्यांतली असावी. पैसेवारी म्हणजे गावाचं पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पन्नासच्या वर की खाली हे बघतात तो. तो आकडा कसा निघतो, हे त्या गावच्या पदवीधराला सांगता यायला हवं.

त्या ज्येष्ठ वाचकांचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे आमंत्रण आपल्यामार्फत देते. या सोमवारी दुसऱ्या वर्षाची मुलं घरून सोयाबीन आणणार आहेत. पोत्याच्या तोंडातली, मधली आणि तळातली, अशा तीन पुड्या, प्रत्येकी शंभर दाणे. गोणपाटं भिजवून प्रयोगशाळेत ठेवू आणि शनिवारी सकाळी अकराला उघडून मोजू. त्यांनी मोजायला जरूर यावं.

आपली,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका
शहादा, जि. नंदुरबार