कुत्र्याच्या अंगावर चट्टा दिसला की लगेच ट्यूब नका लावू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आमच्या नागपूरच्या मानेवाड्याकडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विषय दरवर्षी ठरलेला असतो. अमक्या गल्लीतल्या कुत्र्याचे केस गळून राहिले, त्याला फंगस झालं, आता आपल्या लेकरांना होईल, हाकला त्याला. आणि त्याच्याच खाली कोणीतरी मेडिकलमधल्या ट्यूबचा फोटो टाकते, हे लावा, आमच्या टॉमीला मस्त फरक पडला. दोन्ही मेसेजला भरपूर अंगठे. कुत्र्याला खरंच काय झालं हे मात्र कोणी विचारत नाही.

मी जनावरांची डॉक्टर नाही. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, खाजेच्या पेशंटच्या स्किनची स्लाइड बनवणं हे रोजचं काम आहे, आणि घरी एक स्पिट्झ आहे, शिवाय गल्लीतले काही आमच्याच गेटवर पडलेले असतात. म्हणून हे लिहून राहिली.

पहिली गोष्ट म्हणजे गोल चट्टा दिसला म्हणजे गजकर्णच असं माणसात एकवेळ चालून जाईल, कुत्र्यात नाही चालत. कुत्र्याच्या अंगावर केस जाऊन गोल चट्टा पडतो, कडेला पापुद्रा निघते, त्यात बहुतेक वेळा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन निघते. दुसरा नंबर डेमोडेक्स नावाच्या बारीक किड्याचा, तो केसाच्या मुळाशी राहतो, पिल्लांच्या डोळ्याभोवती आणि तोंडापाशी टक्कल पडते ते बऱ्याचदा याचंच. गल्लीतली जी कुत्री पार उघडी झालेली, कातडं जाड आणि कानाच्या कडा खरबरीत, रात्रभर खाजवत बसतात, त्यांना बहुतेक खरूज असते, म्हणजे वेगळा किडा, फंगस नाहीच. आता या तिघांवर फंगसची गोळी दिली तर काय होईल? काहीच नाही होणार, खाज तशीच आणि पैसे गेले.

पण गोळीपेक्षा ती ट्यूब जास्त खराब. मेडिकलवर खाजेसाठी म्हणून जी मिक्स ट्यूब मिळते तिच्यात फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि सोबत क्लोबेटासोलसारखा तगडा स्टेरॉइड असते. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दोन दिवसात बसते म्हणून फरक पडला वाटते, आतून फंगस आरामात पसरत राहते. डेमोडेक्स असला तर त्याला तर स्टेरॉइड म्हणजे आमंत्रणच. त्यात कुत्रं ते चाटणार, म्हणजे स्टेरॉइड पोटात. माणसात या ट्यूबांनी काय करून ठेवलं ते आम्ही लॅबवाले पाहूनच राहिलो, चट्ट्याचा आकारच बदलून जातो, डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. 2018 मध्ये सरकारनं यातले बरेच स्टेरॉइड मलम शेड्यूल एच मध्ये टाकले, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत. देतात की नाही ते तुम्हीच कोणत्याही काउंटरवर पाहून घ्या.

आता लेकरांना होईल म्हणणाऱ्यांसाठी. कुत्र्याचं खरं गजकर्ण माणसाला लागते, हे खरं आहे, लहान मुलं, म्हातारे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी त्यांनी सांभाळावंच. पण आपल्या देशात गेल्या काही वर्षांत कमरेला, जांघेत, पोटावर जे हट्टी गजकर्ण घरंच्या घरं पकडून राहिलं ते मुख्यतः माणसाकडून माणसाला जाते, एकच टॉवेल, एकच चादर, घामेजलेले टाइट कपडे. त्या फंगसला 2020 मध्ये जपानच्या संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नावही दिलं, टर्बिनाफिन या फंगसच्या साध्या औषधाला तो बऱ्याचदा दाद देत नाही. त्याचा राग गल्लीतल्या कुत्र्यावर काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कुत्र्यातलं गजकर्ण बहुतेक मायक्रोस्पोरम कॅनिस नावाचं फंगस करते आणि तो जास्त करून मांजरांकडून येतो, एक मातीतला आहे तो उकरणाऱ्या कुत्र्यांच्या नाकावर आणि पंजावर दिसते, एक उंदरांकडून येतो. ओळखायचं कसं, तर डॉक्टर अंधारात वुड्स लॅम्प, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिवा, लावून पाहतात, कॅनिस असला तर केस हिरवट चमकतात. बाकीचे दोन चमकत नाहीत, आणि कॅनिससुद्धा प्रत्येक वेळी चमकेलच असं नाही, म्हणून चमकलं नाही म्हणजे नाही असं होत नाही. (ऑनलाइन नोटा तपासायचा टॉर्च मागवून घरी पाहणारेही भेटले मला, बाप्पा! साबण चमकते, मलम चमकते, पापुद्रा चमकते, आणि हे म्हणतात सापडलं.) मग चट्ट्याच्या कडेचे केस उपटून केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात ठेवायचे आणि मायक्रोस्कोपखाली केसाला चिकटलेले स्पोअर, म्हणजे फंगसचे बीजाणू, शोधायचे, हे काम अगदी स्वस्त आहे पण नजर लागते. पक्कं करायचं असेल तर कल्चर, म्हणजे फंगस लॅबमध्ये वाढवून पाहणं. नव्या टूथब्रशनं अंगभर ब्रश करून तो डीटीएम नावाच्या पिवळ्या मीडियावर टोचतात, फंगस वाढता वाढता मीडिया लाल होते, दोन-तीन आठवडे थांबायला लागते. लाल झालं म्हणजे संपलं असंही नाही बरं का, साधी बुरशीसुद्धा उशिरा लाल करते, म्हणून ती वाढ स्लाइडवर घेऊन पाहावीच लागते. आणि यासोबत किड्यांसाठी खोलवर स्किन स्क्रॅपिंग, म्हणजे कातडी खरवडून तपासणी, करून घ्यायचं म्हणजे डेमोडेक्सचा संशय मिटला. खरुजेचा किडा मात्र स्क्रॅपिंगमध्ये हुकतो बऱ्याचदा, लक्षणं तशी असली तर डॉक्टर त्याचा उपचार करूनच पाहतात.

दुसरं फंगस आहे मॅलेसेझिया, यीस्ट. लॅब्रेडॉर, पग, कॉकर पाळणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. कानातून तपकिरी मेण, कुबट वास, पंजे चाटून चाटून लालसर तपकिरी झालेले, मान आणि काख तेलकट काळी. चिकटपट्टी कातडीवर दाबून किंवा कानात कापसाची काडी फिरवून स्लाइडवर रंगवली की शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी दिसतात, काही मिनिटांचं काम. पण हे यीस्ट कुत्र्याच्या कातडीवर नेहमीच थोडं असते, ते माजलं तर मागे काहीतरी कारण आहे समजायचं, बहुतेक ॲलर्जी, कधी थायरॉइड. ते कारण नाही शोधलं तर दर पावसाळ्यात परत तेच. आणि घरोघरी कूलर लावून खिडक्या बंद असतात तेव्हा ती ओल काही कमी नसते, आपल्याकडे मे महिन्यातही कानाचा त्रास सुरू होतो. कानात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कोणतेही ड्रॉप आपल्या मनानं टाकू नका, पडदा फाटलेला असला तर काही ड्रॉपनं बहिरेपण येते. टी ट्री ऑइल तर अजिबात नको, कुत्र्याला विष आहे ते. रॉकेल आणि गाडीचं जळकं ऑइल फासणारे अजूनही आहेत, त्यांना काय म्हणावं.

उपचाराचं थोडक्यात. गजकर्णाला गोळी आणि अंघोळ दोन्ही लागतात. गोळी म्हणजे इट्राकोनाझोल नाही तर टर्बिनाफिन, डोस वजनावर आणि लिव्हर तपासून, तो डॉक्टरच ठरवतील. ग्रिसिओफुल्विन ही फंगसची दुसरी गोळी गाभण कुत्रीला चालत नाही. अंघोळीला मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस लावून दहा मिनिटं ठेवायचा. लोक एका मिनिटात धुऊन टाकतात आणि शॅम्पू बेकार म्हणतात! केस परत आले की औषध बंद करणं ही तर सगळ्यांची सवय. स्पोअर शिल्लक असतात, कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत डॉक्टर चालू ठेवतात, त्यात महिना-दोन महिने सहज जातात. स्पोअर घरात गळालेल्या केसांवर वर्षभराहून जास्त जगू शकतात, म्हणून आधी केस झाडून उचला, अंथरूण धुवा, मग फरशीवर पातळ ब्लीच, कुत्र्याला तेव्हा बाहेर ठेवून. घरातल्या मांजरीचीही तपासणी करा, ती वरून ठणठणीत दिसली तरी.

कुत्र्याच्या नाकातून एका बाजूनं रक्त आलं की हल्ली नेटवर वाचून लोक नाकातलं फंगस म्हणतात. आपल्या भागात आधी गोचीड तापाची रक्ततपासणी करा, ते फार कॉमन आहे.

सेमिनरी हिल्सवर 1958 पासून आपलं व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे जनावरांचा दवाखाना आहे, एवढं मोठं शहर असून कितीतरी लोकांना हे माहीतच नाही. आपल्या पेपरनं पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या एखाद्या त्वचेच्या प्राध्यापकांची मुलाखत छापावी ही विनंती. आणि अन्न व औषध प्रशासनानं चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड ट्यूब विकणाऱ्यांकडे एकदा पाहावं, त्यात माणसाचंही भलं आहे.

आणि जे कुत्र्याला दाखवायला नेणार आहेत त्यांनी त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून चट्ट्यावर काहीच लावू नका, हळद नाही, तेल नाही, पावडर नाही, कारण ते लॅम्पखालीही फसवते आणि आम्हाला स्लाइडवरही त्याचाच चिखल दिसत राहतो.

आपली,
एक लॅब टेक्निशियन
मानेवाडा, नागपूर